हतनूरच्या बेटावर सुरयाचं घर

दोस्तांनो, नकाशात भुसावळ शोधा. सापडायला वेळ लागणार नाही, कारण रेल्वेचे रूळ जिथे चहूकडून येऊन भेटतात ना, तेच भुसावळ! आता तिथून नागपूरच्या दिशेला जरासं सरका. पुढचंच स्टेशन वरणगाव. गाडी इथे जेमतेम टेकते आणि पुढे निघते. वरणगाव म्हटलं की मोठ्या माणसांना आठवतो तो इथला दारूगोळ्याचा कारखाना. १९६४ सालापासून तिथे बंदुकीची काडतुसं तयार होतात. पण मला आणि माझ्या भाच्याला वरणगाव म्हटलं की आठवतं एक पिवळीधमक चोच असलेलं पाखरू! आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे.

माझी मोठी बहीण वरणगावला राहते. तिचा मुलगा सातवीत आहे. गेल्या जानेवारीत मी तिच्याकडे गेलो होतो ते खरं सांगायचं तर भरीत खायला. थंडीतलं खानदेशी वांग्याचं भरीत आणि सोबत कळण्याची भाकरी! दोन दिवस नुसतं जेवण आणि झोप. तिसऱ्या दिवशी पहाटे भाच्याने पांघरूण ओढलं.

"मामा, उठ! हतनूरला जायचंय. आज पक्षी मोजायचे आहेत."

"पक्षी मोजायचे? ते काय केळीचे घड आहेत?"

"चल तर खरा!"

हतनूर म्हणजे वरणगावजवळचं तापी नदीवरचं धरण. तापीबाई मोठी जिद्दी नदी बरं का! महाराष्ट्रातल्या गोदावरी, कृष्णा, भीमा सगळ्या पूर्वेकडे धावतात. ही मात्र मध्य प्रदेशातल्या मुलताईला उगम पावते आणि सरळ पश्चिमेची वाट धरून ७२४ किलोमीटर चालत सुरतेजवळ समुद्राला मिळते. वाटेत चांगदेव गावापाशी तिला पूर्णा भेटते. पूर्णा येते अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या काळ्या रानातून. या संगमावर चांगदेवाचं जुनं दगडी देऊळ आहे. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांना भेटायला निघालेले चांगदेव तुम्हाला माहीत असतीलच. तेच हे! देवळापासून जवळच मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचं एदलाबाद.

या दोन्ही नद्यांचं पाणी हतनूरला अडवलंय. धरण १९८२ साली पुरं झालं. त्याला एक नाही, दोन नाही, तब्बल ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात मेळघाटात आणि बऱ्हाणपूरकडे धो धो पाऊस पडला की "हतनूरचे दरवाजे उघडले" ही बातमी पेपरात आलीच म्हणून समजा. दीपनगरचं वीज केंद्र, आजूबाजूची गावं, कारखाने, शेती, सगळे या पाण्यावर जगतात.

पण या धरणाचं एक दुखणं आहे. दोन नद्या मिळून येताना एवढी माती घेऊन येतात की धरणात गाळ साठत जातो. गाळ वाढला की पाणी मावायला जागा कमी. इंजिनिअर लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पाखरांची मात्र चंगळ होते! कारण गाळामुळे काठाकाठाने उथळ पाणी पसरतं. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, पाणवनस्पती वाढतात, किडे, गोगलगायी, छोटे मासे वाढतात. म्हणजे पाखरांसाठी पंगतच मांडलेली!

त्या पहाटे धुक्यातून हळूहळू पाणी दिसायला लागलं तेव्हा मी बघतच राहिलो. पाण्यावर काळे ठिपकेच ठिपके. कपाळावर पांढरा टिळा लावलेले चांदवे, फावड्यासारख्या चोचीचे थापटे, शेपटी टोकदार असलेली तलवार बदकं. आणि लाल-केशरी डोक्याची मोठी लालसरी तर थव्यांनी! ही सगळी मंडळी मध्य आशिया, सायबेरियासारख्या ठिकाणांहून हजारो किलोमीटर उडून येतात. उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग आणि खाली हे पाहुणे.

काठावर दुर्बिणी आणि वह्या घेतलेली माणसं उभी होती. वरणगावातच 'चातक निसर्ग संवर्धन संस्था' आहे. तिचे कार्यकर्ते अनेक वर्षं इथल्या पाखरांच्या नोंदी ठेवताहेत. जानेवारीत आशियातल्या अनेक देशांत पाणपक्ष्यांची मोजणी होते. ही पद्धत १९८७ साली सुरू झाली. अशा नोंदींमुळेच हतनूरला 'महत्त्वाचं पक्षीक्षेत्र' म्हणून जगाच्या यादीत जागा मिळाली. आहे की नाही अभिमानाची गोष्ट?

भाचा वहीत आकडे लिहीत होता. मध्येच त्याने विचारलं, "मामा, हे सगळे मार्चमध्ये आपापल्या घरी जाणार. मग हतनूर ज्यांचं घर आहे असं कोणी नाही का?"

तेवढ्यात आमच्या डोक्यावरून 'किर्र्‌र्‌' असा कर्कश आवाज करत एक पाखरू गेलं. राखाडी पाठ, पांढरं पोट, लांब टोकदार पंख, दुभंगलेली शेपटी. पाण्यापासून थोड्या उंचीवर चोच खाली करून ते उडत होतं, जणू काही हरवलंय आणि शोधतंय! एकाएकी ते हवेत थबकलं, पंख मिटले आणि सुळकन पाण्यात! वर आलं तेव्हा चोचीत चांदीसारखा मासा चमकत होता.

"हा बघ," मी म्हटलं, "हा नदी सुरय. हा इथलाच. बारा महिन्यांचा रहिवासी."

भाच्याने वहीत लिहिलं: नदी सुरय, ९.

खरं सांगू? हजारो बदकांपुढे नऊ सुरय म्हणजे काहीच नाही. पण त्या नऊंच्याच गोष्टीने पुढे आमची झोप उडवली.

एप्रिलच्या शेवटी भाच्याचा फोन आला. "मामा, पाणी खूप खाली गेलंय. मधे एक बेट उघडं पडलंय. त्याच्यावर तीन सुरय नुसते बसून आहेत. उडतच नाहीत. आजारी आहेत का?"

मी हसलो. "आजारी कसले! अंड्यांवर बसलेत."

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा वरणगावला पोचलो. दोस्तांनो, खानदेशातला मे म्हणजे काय चीज आहे ते तिथे गेल्याशिवाय कळायचं नाही. पारा पंचेचाळीसच्या आसपास. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. आम्ही उजाडायच्या आत निघालो. जानेवारीत जिथे पाणी होतं तिथे आता भेगाळलेला गाळ होता. काही ठिकाणी लोकांनी गाळपेर केली होती. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीत पीक घ्यायचं, त्याला गाळपेर म्हणतात. पुढे पाणी आणि पाण्यात ते बेट. बेट कसलं, वाळू आणि खड्यांचा एक लांबट उंचवटा.

काठावरूनच दुर्बीण लावली. पहिल्यांदा काहीच दिसेना. मग खड्यांमध्ये एक पिवळी चोच चमकली. विणीच्या दिवसांत सुरयाचा थाट काय सांगावा! डोक्यावर डोळ्यांपर्यंत काळीभोर टोपी, चोच हळदीसारखी पिवळी, पाय लाल. ऐटीत बसली होती स्वारी!

"पण मामा, घरटं कुठाय?"

घरटं नसतंच! सुरय काडी आणत नाही, गवत आणत नाही. वाळूत छातीने आणि पायाने उथळ खळगा करायचा, त्यात दोन-तीन अंडी घालायची, झालं घर. अंड्यांचा रंग मातकट, त्यावर तपकिरी ठिपके. अगदी खड्यांसारखी. हीच त्यांची भिंत आणि हेच कुलूप! शत्रूला दिसलीच नाहीत की झालं.

थोड्या वेळाने ऊन चढलं तशी एक गंमत दिसली. बसलेला सुरय उठला, त्याच्या जोडीदाराने त्याची जागा घेतली. उठलेला पाण्यावर गेला, पोट पाण्याला घासून पिसं भिजवली आणि परत आला. मग ओल्या पोटाने अंड्यांवर बसला. आपण उन्हाळ्यात दारावर वाळ्याचा पडदा भिजवतो ना, तसंच की हे! बाकीची पाखरं अंडी ऊबवतात. हतनूरच्या उन्हात सुरयाला ती गार ठेवावी लागतात.

मी म्हटलं, "म्हणून बेटावर कधी जायचं नाही. आपण गेलो की आईबाप उडतात, डोक्यावर घिरट्या घालत ओरडतात. आपल्याला वाटतं, वा, काय मजा! पण तेवढ्या वेळात खाली अंडी भाजून निघतात."

भाचा एकदम गप्प झाला. बराच वेळ खाली बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मामा, मी गेलो होतो. मागच्या रविवारी. आम्ही तिघं. मोबाईलवर फोटो काढायला. दहा-पंधरा मिनिटं होतो."

"किती वाजता?"

"अकरा."

मी काहीच बोललो नाही. बोलून काय उपयोग होता? त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"पण तुम्ही गेलात कसे? होडीने?"

"नाही, चालत."

आता माझ्या लक्षात आलं. बेटाच्या मागच्या बाजूला पाणी इतकं उतरलं होतं की चिखलाची एक अरुंद पट्टी उघडी पडली होती. बेट आता बेट राहिलंच नव्हतं. धरणातलं पाणी म्हणजे सुरयासाठी दुधारी तलवार. पाणी चढलं तर अंडी बुडतात. उतरलं तर बेट काठाला जोडलं जातं, आणि जिथून मुलं जाऊ शकतात तिथून कुत्रीही जाऊ शकतात.

आणि दुसऱ्या दिवशी नेमकं तेच झालं. सकाळी चिखलावर पंजांचे ठसे होते. तीन जागांपैकी दोन रिकाम्या. दोन जोड्या पाण्यावर नुसत्या इकडून तिकडे फिरत होत्या. बेटाच्या पार टोकाला तिसरा सुरय मात्र अजून बसून होता.

"तीच आम्ही पाहिलेली," भाचा म्हणाला. "तीन अंडी होती."

त्या चिखलाच्या पट्टीच्या तोंडाशी मासेमारी करणारे एक आबा जाळी वाळत घालत होते. त्यांनी हाक मारली, "काय पाहून राहिले भाऊ? दोन दिवस झाले, पाहूनच राहिले!"

आम्ही त्यांना दुर्बीण दिली. आबांनी डोळा लावला. "मले तं नुसती वाळू दिसते."

"जरा डावीकडे, आबा. पिवळी चोच."

"अरे, हां! व्हय व्हय!" आबांचा चेहरा खुलला. "हा तं रोज माह्या होडीच्या पुढे मासे धरते. मले काय माहीत, तठी अंडे घालते म्हणून!"

कुत्र्यांचं सांगितल्यावर आबा गंभीर झाले. मग स्वतःच म्हणाले, "कुत्रे माह्यामुळेच येतात भाऊ. मी अठीच मासे साफ करतो. घाण टाकतो. त्याच्या वासाने येतात." जागा बदलायची तर त्यांना मासे उचलून बरंच लांब जावं लागणार होतं, तेही उन्हात. त्यांनी थोडा वेळ विचार केला. "महिनाभराचा तं सवाल हाय," ते म्हणाले, आणि टोपली उचलली.

भाच्याच्या डोक्यात एकाहून एक कल्पना येत होत्या. अंडी घरी नेऊन ऊबवू या. बेटावर छत्री लावू या. मी त्याला समजावलं. वन्य पाखरांची अंडी उचलणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि छत्री बघून सुरय पळूनच जाईल. आम्ही वनखात्याच्या एका वनरक्षकदादांना फोन केला. ते येऊन जागा बघून गेले. त्यांच्यासमोरच आबांनी आणि मुलांनी बोरी-बाभळीच्या काट्या ओढत आणल्या आणि पट्टीच्या काठाकडच्या तोंडाशी आडव्या टाकल्या. शेताला कुंपण घालतात ना, तसं. सूर्य वर यायच्या आत काम संपवलं. बेटाकडे एकही पाऊल टाकलं नाही.

तुम्ही म्हणाल, एका पाखरासाठी एवढा खटाटोप?

सांगतो. नदी सुरय भारतात अजून दिसतो म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. पण जगातल्या संकटात सापडलेल्या जीवांची जी यादी असते, तिच्यात त्याचं नाव 'असुरक्षित' या गटात आहे. कंबोडियात मेकाँग नदीवर तो मोजकाच उरलाय. त्याचा धाकटा भाऊ, काळ्या पोटाचा सुरय, याची अवस्था तर आणखी वाईट. तो थेट 'धोक्यात' या गटात आहे. त्याच गटात आहे यांचा चुलतभाऊ पाणचिरा, खालची चोच लांब असलेला आणि ती पाण्यात बुडवून पाणी चिरत जाणारा. तिघांची सवय एकच: नदीच्या वाळूवर, उघड्यावर अंडी घालायची. आणि वाळूवरच आपला डोळा! वाळूचा उपसा, नदीपात्रातली शेती, धरणाचं अवेळी चढणारं-उतरणारं पाणी, मोकाट कुत्री, कावळे. या पाखरांनी हजारो वर्षांत उघड्यावर राहायची युक्ती शिकली, पण ट्रॅक्टर ओळखायला ती कुठे शिकली आहेत?

पण यावर उपाय आहे बरं! चंबळ नदीवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञ परवीन शेख यांनी पाणचिऱ्यांसाठी एक साधी गोष्ट केली. काठच्या गावांतल्याच लोकांना घरट्यांचे राखणदार नेमलं. नदी त्यांच्या ओळखीची, वाळू ओळखीची. कुत्री हाकला, गुरं वळवा, पाणी वाढलं तर कळवा. एवढंच! त्यामुळे वाचणाऱ्या घरट्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. या कामासाठी परवीन शेख यांना २०२५ साली 'व्हिटली' हा मानाचा पुरस्कार मिळाला. मेकाँगवरही अशीच माणसं घरटी राखतात. म्हणजे आमचे हतनूरचे आबा एकटे नाहीत, त्यांचे भाऊबंद चंबळवर आहेत आणि कंबोडियातही आहेत!

मी सुट्टी संपवून परत आलो. पण लक्ष सगळं वरणगावकडे. सुरय साधारण तीन आठवडे अंडी उबवतो. पिल्लं बाहेर आली की लवकरच खळगा सोडून आसपास दडून बसतात. पण उडायला आणखी काही आठवडे लागतात. आणि तिकडे पावसाळा येऊ घातलेला. पाऊस आधी की पंख आधी, अशी शर्यतच होती!

भाच्याचे फोन येत राहिले. "आबांनी रात्री तीन कुत्री हाकलली." "आज वावटळ आली, पण सुरय हलला नाही." मग मे महिन्याच्या मध्यावर एक दिवस, "मामा, मामा! सुरय मासा घेऊन वाळूवर उतरला. स्वतः खाल्लाच नाही!"

"म्हणजे पिल्लू आलं!"

दुर्बिणीतून फार शोधल्यावर त्याला दोन पिल्लं दिसली. वाळूच्या रंगाची, हलली तरच दिसणारी. तिसरं दिसलं नाही. पुढेही कधी दिसलं नाही. ते अंडं उन्हाने गेलं, की मुळातच फळलं नव्हतं, की पिल्लू कावळ्याने नेलं, हे कोणालाच सांगता येणार नाही. भाच्याने मात्र विचारलंच, "मामा, आमच्या त्या पंधरा मिनिटांमुळे असेल का रे?"

मी म्हटलं, "माहीत नाही. पण तू पुन्हा जाणार नाहीस, हे माहीत आहे."

जूनच्या मध्याला वळवाचा एक जोराचा पाऊस झाला. त्यानंतर भाचा धावतच काठावर गेला. पाणी थोडं चढलं होतं, चिखलाची पट्टी बुडाली होती, काट्या अर्ध्या पाण्यात होत्या. बेटाच्या टोकावर पिल्लं नव्हती. त्याच्या पोटात धस्स झालं. तेवढ्यात आबांनी बोट दाखवलं. त्यांच्या होडीपुढे चार सुरय उडत होते. दोघांच्या चोची पिवळ्या. आणि दोघं जरा मळकट, तपकिरी, उडताना अजून डगमगणारे!

पुढे पावसाने जोर धरला, हतनूरचे दरवाजे उघडले, गढूळ पाणी घोंघावत सुरतेकडे निघालं. बेट कुठे होतं ते आता कुणाला सांगताही येणार नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा वर येईल. तेच नाही तर दुसरं येईल. कारण नदी दरवर्षी नवी वाळू आणते.

दोस्तांनो, तुमच्या गावाजवळही एखादी नदी, तलाव, धरण असेलच. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. त्या आठवड्यात एक वही घ्या आणि काठावर जाऊन बसा. दिसेल ते पाखरू लिहा, तारीख लिहा, आकडा लिहा. नऊ तर नऊ! जानेवारीच्या मोजणीत मोठ्यांबरोबर जा. आणि उन्हाळ्यात पाणी आटून एखादं बेट उघडं पडलं, तिथे पिवळ्या चोचीचं पाखरू बसलेलं दिसलं, तर दुर्बिणीतून मनसोक्त बघा.

काठावरूनच हं! भाच्याने तुम्हाला एवढा निरोप आवर्जून द्यायला सांगितलंय.